राउटर (सुतारकाम)

हा लेख लाकूडकामातील विद्युत हत्याराविषयी आहे. संगणकांच्या जाळ्यातील त्याच नावाच्या उपकरणासाठी ‘राउटर (संगणक)’ हा लेख पाहावा.

राउटर हे लाकूड, प्लायवूड, एमडीएफ व तत्सम फळ्यांमध्ये खोबण पाडणे, कडेला गोलाई किंवा उतार देणे, बिजागरीची खाच कोरणे, सांधे तयार करणे आणि नमुन्याबरहुकूम आकार कापणे यांसाठी वापरले जाणारे विद्युतचलित हत्यार आहे. त्यात उभ्या मोटरच्या टोकाला बसवलेले धारदार पाते, म्हणजे बिट, मिनिटाला सुमारे १०,००० ते ३०,००० फेरे या वेगाने फिरते. राउटर दोन प्रकारे वापरता येतो. हातात धरून तो स्थिर ठेवलेल्या लाकडावर फिरवतात, किंवा टेबलाखाली उलटा टांगून लाकूडच त्याच्यावरून सरकवतात. या दोन वापरांच्या गरजा एकमेकींशी पूर्णपणे जुळत नाहीत. त्यामुळे यंत्र निवडताना कोणते काम अधिक आणि कोणत्या जागेत करायचे आहे, हे आधी ठरवावे लागते. दक्षिण व मध्य मुंबईतील चाळी, वाड्या आणि लहान कारखाने यांच्या बाबतीत जागा, विजेची जोडणी आणि आवाज हे मुद्दे यंत्राच्या शक्तीइतकेच महत्त्वाचे ठरतात.

नाव

या हत्यारासाठी मराठीत रूढ झालेला स्वतंत्र शब्द नाही. सुतार आणि दुकानदार ‘राउटर’ हाच शब्द वापरतात. हातात मावणाऱ्या लहान प्रकाराला ‘ट्रिमर’ म्हणतात. नामसाम्यामुळे गोंधळ होतो. लॅमिंग्टन रोडवर (डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) राउटर मागितला तर इंटरनेटचे उपकरण पुढे येते. नागदेवी मार्गावरील हत्यारांच्या बाजारात तोच शब्द उच्चारला की सुतारी यंत्र निघते.

इतिहास

यंत्र येण्यापूर्वी खोबणी आणि कडांची नक्षी ही कामे खास पात्यांचे रंधे आणि पटाशी यांनी होत. गिरगावातील जुन्या चाळींच्या दारांच्या चौकटी आणि जिन्यांचे कठडे त्याच हत्यारांनी घडलेले आहेत. हाताने चालवायचा विद्युत राउटर पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत तयार झाला. आर. एल. कार्टर यांनी न्हाव्याच्या केस कापण्याच्या विद्युत यंत्राच्या मोटरपासून त्याचा पहिला नमुना बनवल्याचे सांगितले जाते. त्यांचा व्यवसाय १९२९ मध्ये स्टॅन्ली कंपनीने घेतला. मोटर दाबून बिट लाकडात उतरवण्याची सोय असलेला ‘प्लंज’ प्रकार दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतील एलू कंपनीने पुढे आणला. आज संगणकाच्या आज्ञेवर चालणारे सीएनसी राउटर मोठ्या कारखान्यांत जाळ्या व नक्षी कापतात. हातातल्या राउटरचे काम मात्र त्यामुळे संपलेले नाही.

रचना आणि प्रकार

राउटरचे मुख्य भाग तीन: मोटर, तिच्या दांड्याच्या टोकाशी असलेला कॉलेट आणि मोटरला आधार देणारी बैठक. कॉलेट म्हणजे फटी पाडलेली पोलादी नळी. तिच्यात बिटचा दांडा घालून नट आवळला की नळी आकसते आणि दांडा पकडला जातो.

स्थिर बैठकीच्या राउटरमध्ये बिटची खोली आधी ठरवून पक्की करतात व मग काम सुरू करतात. हे यंत्र ठेंगणे असते, त्याचा गुरुत्वमध्य खाली राहतो आणि ते कडेवर डगमगत नाही. प्लंज राउटरची मोटर दोन खांबांवर स्प्रिंगच्या जोरावर वर-खाली होते. यंत्र सुरू करून, बैठक लाकडावर टेकवून बिट मधोमध उतरवता येते. फळीच्या मध्यातच सुरू होऊन मध्यातच संपणारी खाच, कुलपाचे घर किंवा टप्प्याटप्प्याने खोल जाणारी खोबण यासाठी हाच प्रकार सोयीचा पडतो. काही कंपन्या एकच मोटर आणि दोन वेगळ्या बैठका असा संच देतात.

ट्रिमर हा तिसरा प्रकार साधारण दीड किलो वजनाचा आणि ५०० ते ७०० वॉटचा असतो. सनमायकाचा तुकडा प्लायवूडवर चिकटवल्यावर बाहेर राहिलेली कड साफ करणे हे त्याचे मूळ काम. मुंबईतील फर्निचरच्या कामात सर्वाधिक दिसणारा राउटर हाच आहे. मकिता ३७०९ (५३० वॉट, ३०,००० फेरे) हे त्याचे परिचित उदाहरण. बिजागरीची खाच आणि लहान गोलाई तो करतो. ओक किंवा सागवानात मोठी खोबण त्याच्याकडून घेणे म्हणजे मोटर जाळण्याची तयारी होय.

निवड

हातातील वापर

हातातल्या राउटरमध्ये वजन आणि तोल यांना पहिले स्थान द्यावे. १,२०० ते १,६०० वॉटचा, साडेतीन-चार किलोंच्या आसपासचा प्लंज राउटर घरगुती आणि लहान धंद्यातील बहुतेक कामांना पुरतो. बॉश जीओएफ १३० (१,३०० वॉट, ११,००० ते २८,००० फेरे) या वर्गात मोडतो. मुठींवरून हात न काढता स्विच बंद करता येतो का, हे दुकानातच पाहावे. खोलीचा अडसर तीन टप्प्यांचा असल्यास खोल खाच थोडी थोडी करून घेता येते. दोन्ही खांबांवर मोटर न अडखळता सरकली पाहिजे. एका मुठीवर जोर दिल्यावर ती तिरपी होऊन अडकत असेल तर तो राउटर घेऊ नये. बिटची कापणारी कड दिसते का, हा प्रश्न साधा वाटतो, पण आखलेल्या रेषेवर काम करणाऱ्याला त्याचेच महत्त्व अधिक कळते.

टेबलावरील वापर

टेबलाखाली टांगलेल्या यंत्राचे वजन कारागिराला पेलावे लागत नाही, म्हणून तेथे मोठी मोटर चालते. दाराच्या चौकटींची उठावाची फळी, रुंद नक्षीची पट्टी यांसाठी १,८०० वॉट किंवा अधिक शक्ती, अर्धा इंची कॉलेट आणि वेग कमी करण्याची सोय लागते. मकिता आरपी२३०१एफसी (२,१०० वॉट, ९,००० ते २२,००० फेरे) या वर्गातला आहे. त्याचे वजन सहा किलोंच्या घरात असल्याने तो हातात घेऊन उभ्या कडेवर चालवणे त्रासाचे होते.

टेबलासाठी स्थिर बैठक अधिक सोयीची. प्लंज राउटर उलटा टांगला की त्याची स्प्रिंग मोटरला खाली ढकलत राहते आणि प्रत्येक वेळी त्या जोराविरुद्ध उंची वाढवावी लागते. काही यंत्रांत स्प्रिंग काढून ठेवता येते, काहींना बारीक चालीचा स्क्रू असतो. यांपैकी एकही सोय नसलेला प्लंज राउटर टेबलाखाली कंटाळवाणा ठरतो. उंची आणि बिट टेबलाच्या वरूनच बदलता येत असेल तर उत्तम, कारण खाली वाकून अंधारात दोन पाने चालवणे कोणालाच फार काळ आवडत नाही. ज्या यंत्राचा स्विच बोट उचलताच सुटतो आणि ज्याला अडकवण्याची कळ नाही, ते टेबलासाठी घेऊ नये. दोरीने किंवा चिकटपट्टीने स्विच बांधून ठेवण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते, ती अत्यंत धोकादायक आहे. टेबलाच्या पुढच्या बाजूस स्वतंत्र स्विच बसवावा. वीज जाऊन परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू न होऊ देणारा स्विच असल्यास अधिक चांगले.

टेबल घरीही बनवता येते. १८ मिमी प्लायवूडचे दोन थर चिकटवून त्यावर सनमायका लावल्यास पृष्ठभाग सपाट आणि घसरता राहतो. मध्ये राउटर टांगण्यासाठी हायलम किंवा अॅल्युमिनियमची ६ ते १० मिमी जाडीची पट्टी बसवतात. तिची छिद्रे राउटरच्या बैठकीवरील स्क्रूंशी जुळली पाहिजेत, म्हणून यंत्र आधी घ्यावे व पट्टीला छिद्रे नंतर पाडावीत. मागे सरळ आधारपट्टी (फेन्स) लागते. ती बिटला समांतर असण्याची गरज नसते, कारण गोल फिरणाऱ्या बिटला दिशा नाही. ती सरळ आणि टेबलाशी काटकोनात असली म्हणजे पुरे. नवशिके या मुद्द्यावर बराच वेळ घालवतात.

एकच यंत्र दोन्हींसाठी

एकच राउटर घेणे शक्य असेल तर मधल्या शक्तीचा, वेग बदलता येणारा आणि दोन बैठकांचा संच हा सर्वांत समंजस पर्याय होय. स्थिर बैठक टेबलाखाली कायमची ठेवायची आणि मोटर तेवढी काढून प्लंज बैठकीत घालायची. तसा संच मिळाला नाही तर सुमारे १,६०० वॉटचा आणि स्प्रिंग काढता येणारा प्लंज राउटर पाहावा. सनमायकाचे काम नेहमीचे असणाऱ्याने मात्र ट्रिमर आणि मोठा राउटर अशी दोन यंत्रे घेणे हिताचे. टेबलाखालून यंत्र रोज काढण्याचा उत्साह महिनाभरातच ओसरतो आणि त्यानंतर टेबल नुसते सामान ठेवण्याच्या कामी येते.

कॉलेट आणि बिटचा दांडा

खरेदीतील सर्वाधिक चुका येथे होतात. बाजारात ६ मिमी, ६.३५ मिमी (पाव इंच), ८ मिमी, १२ मिमी आणि १२.७ मिमी (अर्धा इंच) अशा दांड्यांची बिट मिळतात. मुंबईतील सुतारांच्या बोलीत इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. त्या हिशेबात पाव इंच दोन सूत होतो आणि सहा मिलिमीटरही जवळपास तेवढाच भरतो. रंधकामात हा फरक नगण्य. कॉलेटमध्ये मात्र तो घातक आहे. ६ मिमी दांडा ६.३५ मिमी कॉलेटमध्ये घातला तर नट आवळल्यासारखा वाटतो, पण काम सुरू होताच बिट हळूहळू खाली सरकते, खोबण खोल होत जाते आणि शेवटी बिट सुटून उडू शकते. १२ आणि १२.७ यांचीही तीच गत. म्हणून पेटीवरील आकडा वाचावा, दांडा व्हर्नियरने मोजावा आणि जेवढे दांडे वापरायचे असतील तेवढे स्वतंत्र कॉलेट घ्यावेत.

दांडा जाड असण्याचा लाभ मोठा आहे. गोल दांड्याचा वाकण्याला होणारा विरोध त्याच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. त्यामुळे अर्धा इंची दांडा पाव इंचीपेक्षा दुप्पट नव्हे, तर सोळा पट ताठ असतो. लांब किंवा रुंद बिट अर्धा इंची दांड्याचेच घ्यावे. दांडा पूर्ण आत घालून सुमारे ३ मिमी, म्हणजे सुतभर, मागे घ्यावा व मग आवळावा. तळाला टेकलेला दांडा नीट पकडला जात नाही. प्लायवूड आणि एमडीएफमधील गोंद, तसेच सागवानातील सिलिका साध्या पोलादाची धार लवकर घालवतात, म्हणून कार्बाइडच्या धारेची बिटच परवडतात. पंचवीस-तीस बिटांच्या स्वस्त संचापेक्षा रोज लागणारी चार-पाच चांगली बिट बरी.

वेग

बिट जितके रुंद तितका त्याच्या कडेचा वेग जास्त. मिनिटाला २४,००० फेऱ्यांवर ६ मिमी बिटची कड सेकंदाला सुमारे ७.५ मीटर जाते. त्याच फेऱ्यांवर ७५ मिमी बिटची कड सेकंदाला ९४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ३४० किलोमीटर वेगाने फिरते. या वेगात बिटचा तुकडा सुटला तर तो गोळीसारखा जातो. फेरे १०,००० पर्यंत उतरवल्यास तीच कड सेकंदाला ३९ मीटरवर येते. साधारणपणे २५ मिमी रुंदीपर्यंत २४,०००, ५० मिमीपर्यंत १८,०००, ६५ मिमीपर्यंत १६,००० आणि त्यापुढे १२,००० किंवा कमी फेरे ठेवतात. बिटवर कमाल वेग छापलेला असल्यास तोच अंतिम मानावा. एकाच वेगाचा राउटर मोठ्या बिटसाठी निरुपयोगी आहे. वेग अति कमी ठेवला तर कड फाटते आणि यंत्र एकाच जागी रेंगाळले तर लाकूड जळून काळे होते.

वीज

मुंबई बेटाच्या शहर भागाला बेस्ट उपक्रम वीज पुरवतो. दाब २३० व्होल्ट, आवर्तने ५०. साध्या ६ अँपिअरच्या खटक्यातून जास्तीत जास्त १,३८० वॉट घेता येतात. ५५० वॉटच्या ट्रिमरला अडीच अँपिअर पुरेत, १,३०० वॉटचा राउटर मर्यादेच्या कडेवर चालतो आणि २,१०० वॉटच्या यंत्राला नऊ अँपिअरहून अधिक प्रवाह लागतो. त्यासाठी १६ अँपिअरचा खटका आणि तेवढ्या जाडीची स्वतंत्र वायर असणे अनिवार्य आहे. गिरगाव, परळ, लालबाग येथील जुन्या चाळींत पंखा आणि दिव्यासाठी टाकलेल्या बारीक वायरीवरच पुढे शीतकपाट, मिक्सर आणि इस्त्री आलेली असते. अशा जोडणीवर मोठा राउटर चालवल्यास वायर भिंतीत तापते आणि लाकडी माळ्याच्या इमारतीत त्याचा अर्थ आग असा होऊ शकतो. मोठे यंत्र घेण्याआधी परवानाधारक वायरमनकडून जोडणी तपासून घ्यावी आणि गरज पडल्यास मंजूर भार वाढवून घ्यावा. जोडवायर किमान दीड चौरस मिमी तांब्याची असावी व पूर्ण उलगडून वापरावी. गुंडाळलेली वायर तापते.

यंत्र हळू सुरू होण्याची सोय असल्यास आरंभीचा प्रवाहाचा झटका कमी होतो आणि हातालाही हिसका बसत नाही. अमेरिकेतील नातेवाइकांनी आणलेली यंत्रे १२० व्होल्टची असतात. ती येथे सरळ जोडल्यास जळतात आणि पुरेशा क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर घेतल्यावर स्वस्ताईचा हेतू उरत नाही.

मुंबईतील वापर

हत्यारांच्या खरेदीचे जुने केंद्र मशीद बंदर आणि क्रॉफर्ड मार्केट यांच्या परिसरातील नागदेवी मार्ग हे आहे. विजेचे सामान जवळच्या लोहार चाळीत मिळते. तेथून घेण्याचा फायदा असा की कॉलेट, कार्बन ब्रश, बेअरिंग असे सुटे भागही त्याच फेरीत विचारता येतात. ज्या यंत्राचा कॉलेट सुटा मिळत नाही ते कितीही स्वस्त असले तरी महागच पडते. पक्की पावती घ्यावी आणि पाटीवरील व्होल्ट, वॉट व फेरे खोक्यावरील आकड्यांशी ताडून पाहावेत. जुने यंत्र घेताना दांडा बोटांनी हलवून पाहावा. तो डुलत असेल तर बेअरिंग गेले आहे.

गिरगावातील चाळी आणि खोताची वाडीसारख्या वस्त्यांतील घरांना लाकडी कठडे, झालरी आणि जाळ्या आहेत. सपाट फळीतून कापलेल्या कठड्याचा एखादा दांडा मोडला तर राउटर फार उपयोगी पडतो. शाबूत दांड्यावरून ६ मिमी प्लायवूडचा नमुना कापायचा, तो कानस व पॉलिशपेपरने गुळगुळीत करायचा, सागवानाच्या फळीवर बसवायचा आणि बेअरिंग असलेले बिट नमुन्याच्या कडेला टेकवून फिरवायचे. नमुना एकदा बरोबर झाला की दहा दांडे एकसारखे निघतात. लेथवर कातलेले गोल दांडे मात्र राउटरने होत नाहीत. त्यासाठी कातारीच लागतो. दुरुस्तीसाठी पाडलेल्या इमारतींचे जुने सागवान वापरतात. ते वाळलेले आणि न वाकणारे असते, पण त्यात मोडलेले खिळे दडलेले असतात. खिळ्यावर आदळलेल्या कार्बाइडची धार क्षणात उडते, म्हणून लाकूड आधी लोहचुंबकाने किंवा धातुशोधकाने तपासावे.

गणेशोत्सवाशीही या यंत्राचा संबंध आला आहे. गिरगावातील केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक उत्सव होतो. लालबागचा राजा १९३४ चा. महाराष्ट्रात मार्च २०१८ मध्ये थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली. त्यानंतर घरगुती मखरांसाठी प्लायवूड, एमडीएफ आणि पुठ्ठा यांचा वापर वाढला. बारीक जाळी लेझर किंवा सीएनसी यंत्रावर कापतात. मखराच्या चौकटी, कमानी आणि सुटे भाग एकमेकांत बसवण्याच्या खाचा हातातल्या राउटरने होतात. खाच फळीच्या जाडीपेक्षा केसभर रुंद ठेवली तर मखर दरवर्षी उलगडून माळ्यावर ठेवता येते. बाजारातील १८ मिमी प्लायवूड बरेचदा पूर्ण १८ भरत नाही, म्हणून आधी टाकाऊ तुकड्यावर खाच करून पाहण्याची सवय चांगली. देवघरे, दारावरील देवनागरी पाट्या आणि पाटांच्या कडा ही आणखी काही कामे. पाटीवर शिरोरेषा सरळ पट्टीच्या आधारे कोरतात आणि अक्षरांची वळणे मोकळ्या हाताने घेतात. चुकलेली शिरोरेषा सर्वांत आधी डोळ्यांत भरते.

सुरक्षितता

वरून पाहता हातातल्या राउटरचे बिट घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते. फळीची जवळची कड समोर ठेवून उभे राहिल्यास यंत्र डावीकडून उजवीकडे न्यावे. बाहेरच्या कडेभोवती ते घड्याळाच्या उलट आणि चौकटीच्या आत घड्याळाप्रमाणे जाते. टेबलाखाली यंत्र उलटे असल्याने लाकूड उजवीकडून डावीकडे सरकवतात. दिशा चुकली तर बिट लाकडाला ओढून घेते आणि यंत्र किंवा फळी हातातून निसटते. टेबलावर लाकूड बिट आणि आधारपट्टी यांच्या मधल्या फटीतून कधीही नेऊ नये. ते सुटून समोरच्यावर आदळते. लहान तुकडे हाताने न धरता ढकलकाठीने सरकवावेत. खोल खोबण एका फेऱ्यात न घेता ३ ते ६ मिमीच्या टप्प्यांत घ्यावी. बिट बदलताना प्लग काढलेलाच असावा. सैल बाह्या, ओढणी आणि हातमोजे टाळावेत.

लाकडाची बारीक धूळ मानवात कर्करोग घडवणारी असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने नोंदवले आहे. एमडीएफच्या धुळीत फॉर्मल्डिहाइडयुक्त राळही असते. बीडीडी चाळीतील १६० चौरस फुटांच्या खोलीत, जेथे स्वयंपाक आणि झोप एकाच जागी होते, तेथे धूळ ओढणाऱ्या यंत्राशिवाय राउटर चालवू नये. म्हणून खरेदीच्या वेळी बैठकीला धुळीची नळी जोडता येते का हे पाहावे. टेबलाच्या आधारपट्टीतही तशी वाट ठेवतात. साधा रुमाल बारीक धूळ अडवत नाही. गाळणी असलेला मास्क, चष्मा आणि कानांचे संरक्षण आवश्यक आहे.

राउटरचा आवाज चालवणाऱ्याच्या कानाशी ९० डेसिबलच्या आसपास जातो. ध्वनिप्रदूषणविषयक २००० च्या नियमांनुसार निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल आहे. शांतता क्षेत्रात ती अनुक्रमे ५० आणि ४०. परळमध्ये केईएम, वाडिया, टाटा अशी रुग्णालये एकमेकांजवळ असल्याने तेथे हा मुद्दा विशेष लागू पडतो. सामाईक गॅलरीत यंत्र चालवण्यापूर्वी शेजाऱ्यांना वेळ विचारून घेण्याची रीत अनेक चाळींत पाळली जाते. परीक्षेच्या दिवसांत तर ती पाळलीच पाहिजे.

देखभाल

मुंबईच्या दमट हवेत कॉलेट आणि प्लंजचे खांब पावसाळ्यात गंजतात. काम संपल्यावर बिट कॉलेटमध्ये ठेवू नये; कॉलेट काढून आतली राळ ब्रशने साफ करावी आणि खांबांना पातळ तेलाचा किंवा मेणाचा हात द्यावा. बिटवर साचलेली राळ धार गेल्याचा भास निर्माण करते. ती धुतल्यावर बिट पुन्हा चांगले कापते. टेबलाखालच्या मोटरमध्ये वरून भुसा पडतो, त्यामुळे तेथील यंत्र अधिक वेळा हवेने साफ करावे लागते. कार्बन ब्रश झिजले की मोटरमध्ये ठिणग्या वाढतात. दोन्ही ब्रश एकाच वेळी बदलावेत. कॉलेट झिजला किंवा त्यावर ओरखडे दिसले तर तो दुरुस्त होत नाही, नवा घ्यावा.